येस म्हणणाऱ्यांच्या गावात

बार्शीला परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय गुरुजी, अमेरिका कशी काय? मी रस्ते सांगतो, दुकानांपुढचे भोपळ्यांचे ढीग सांगतो, नळाला दिवसभर येणारं पाणी सांगतो. आमच्याकडे नळ चार दिवसांनी येतो, त्यामुळे पाण्याचं लोकांना फार कौतुक वाटतं. पण भाचीच्या लग्नाचे फोटो कुणी मागितले की माझ्या मोबाइलची बॅटरी संपलेली असते. तोंडाने सांगायला सुरुवात केली तर चहा निवेपर्यंत अर्धंही होणार नाही. म्हणून लिहून काढतो. लिहिलेलं आमच्या गल्लीत फारसं कुणी वाचत नाही, तीही एक सोय आहे.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं. नोकरीत असेपर्यंत एकही निवडणूक अशी गेली नाही की ड्यूटी लागली नाही, आणि पुढे पुढे तर मी कायमचा केंद्राध्यक्ष. खेडेगावच्या शाळेच्या खोलीत पुठ्ठ्याचा आडोसा उभा करायचा, आणि कुणी नवरा बायकोच्या मागे डोकवायला लागला की त्याला खेकसून बाहेर काढायचं, हे मी निष्ठेने केलं. मत गुप्त असतं, हे वाक्य माझ्या विद्यार्थ्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि शिक्षणाने माणूस सुधारतो, हे दुसरं. ही दोन वाक्यं घेऊन मी विमानात बसलो.

सायली माझ्या धाकट्या बहिणीची, नलूची एकुलती एक मुलगी. जन्म तिकडचाच, पण मराठी छान बोलते. वसंतात तिचा फोन आला होता. ती हॅना नावाच्या मुलीबरोबर राहते हे मला नलूने कधीतरी दबक्या आवाजात सांगितलं होतं. आता दोघी लग्न करणार होत्या. सायली म्हणाली, “मामा, बाकी सगळं आम्ही मॅनेज करू. पण बोहल्यावर मला कोण आणणार? त्याला मामाच लागतो ना?”

खोटं कशाला सांगू, मी दोन दिवस नीट जेवलो नाही. अशी लग्नं असतात हे पेपरात वाचणं निराळं आणि आपल्या भाचीचं असणं निराळं. शेवटी बायको म्हणाली, भाची तुमची आहे, कुणाशी लग्न करायचं ते तिचं ती बघेल, मामाने मामाचं काम करावं. तिचे गुडघे प्रवासाचे नव्हते. तिने देवळातलं कुंकू पुडीत बांधून दिलं आणि मी एकटा निघालो.

फ्रीमाँट

नलूचं घर फ्रीमाँटला. भिंतीला भिंत लागून घरांची रांग, सगळ्यांचा रंग एकच. पहिल्या संध्याकाळी फिरायला गेलो आणि परतताना शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावत बसलो. आतून एक चिनी आजोबा आले, त्यांनी काही न बोलता माझा दंड धरून मला योग्य दारात आणून सोडलं. यावरून नलू पहिल्यांदा मनापासून हसली. नंतर तिला तसं हसताना पाहिलं नाही.

नलूचे यजमान अविनाशराव, आमचे दाजी. आमच्या घराण्यातले अमेरिकेत गेलेले पहिले. चिप बनवणाऱ्या कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, आता मराठी मंडळाचं काम बघतात. गणपती, दिवाळी पहाट, नाटकाचे दौरे, सगळं त्यांच्या फोनवरून हलतं. माणूस सभ्य. मला स्वतः चहा करून दिला, माझी औषधं खणात नीट लावून ठेवली. बार्शीला आले की जावई म्हणून आम्ही त्यांना पाटावर बसवतो. इथे ते माझ्यासाठी भांडी घासत होते, आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

सायलीच्या लग्नाबद्दल मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, तिचं आयुष्य आहे, आमची काही हरकत नाही, फक्त गाजावाजा नको. जाऊन येऊ. मला हे समजूतदारपणाचं वाटलं. आपल्याकडे लग्नात नुसताच गाजावाजा असतो, नवरानवरी कोपऱ्यात उपाशी असतात. नलूला विचारलं, मंडळातल्या लोकांना आमंत्रणं झाली का? ती म्हणाली, तू आलास ना दादा, पुरे. आणि कणीक मळायला लागली.

तो निवडणुकीचा मोसम होता. इथे मतपत्रिका टपालाने घरी येते. माणूस ती स्वयंपाकघरात भरतो, लिफाफ्यावर सही करतो आणि पेटीत टाकतो. शाई नाही, आडोसा नाही, पोलिस नाही. त्या वेळच्या पत्रिकेत अध्यक्षापासून गावच्या शाळासमितीपर्यंत सगळे उमेदवार होतेच, शिवाय राज्यापुढचे बरेचसे प्रश्न होते, येस किंवा नो असं उत्तर द्यायचे. त्यातला एक नेमका लग्नाचा. राज्याच्या घटनेत जुनं वाक्य पडून होतं की लग्न म्हणजे पुरुष आणि स्त्री यांचंच. कोर्टाने ते केव्हाच निकामी केलं होतं, पण पुसलं गेलं नव्हतं. ते पुसायचं का, असा प्रश्न. दाजींच्या गल्लीत बऱ्याच अंगणांत येसच्या पाट्या होत्या. नलूच्या अंगणात नव्हती. पाटीची काय गरज आहे, दाजी म्हणाले, आपण सगळे त्याच बाजूचे.

खोऱ्यात

त्याच आठवड्यात सायली आणि हॅना मला हॅनाच्या आईवडिलांकडे घेऊन गेल्या. डोंगर ओलांडला की समुद्राची हवा संपते आणि मोठं सपाट खोरं लागतं. मैलोगणती बदामाच्या बागा, तोडणी उरकलेली, झाडांवर धुळीचा थर. मला ज्वारी काढल्यानंतरचं आमचं रान आठवलं आणि उगीच बरं वाटलं.

गाडीत सायली मला शिकवत होती. “मामा, इथे ना पॅटर्न एकदम क्लिअर आहे. कॉलेजला गेलेला, चांगला जॉब असलेला माणूस येस म्हणतो. हाताने काम करणारा, दर संडेला चर्चला जाणारा नो म्हणतो. झिप कोड, म्हणजे तुमच्याकडचा पिनकोड, सांग, मी तुला व्होट सांगते.” हॅना गाडी चालवत होती. तिला मराठी येत नाही, पण झिप कोड आणि व्होट हे शब्द तिला कळले असावेत, कारण ती म्हणाली की तिच्या घराण्यात कॉलेजात गेलेली ती पहिलीच. सायलीने मग धडा आवरता घेतला.

हॅनाच्या वडिलांचं नाव डेल. शेतातले पाण्याचे पंप दुरुस्त करतात. बसकं घर, दारात पिकअप ट्रक, एक म्हातारं कुत्रं आणि कुंपणाला नोची पाटी. आम्ही उतरलो आणि त्या पाटीशेजारून आत गेलो. हॅनाची आई रूथ हिने माझ्यासाठी बिनमांसाचं करायचं म्हणून मक्याचा पाव, घेवडा, चीज घातलेली शेवई आणि पीचची गोड कचोरी म्हणावी असं काहीतरी केलं होतं. मी नको म्हटलं तरी ती वाढत होती. फ्रीमाँटला कुणी आग्रह करत नाही, भांडी टेबलावर मांडतात आणि घ्या म्हणतात. इथे मात्र पानात पडतच होतं. अमेरिकेत आल्यापासून मी त्या दिवशी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

जेवणाआधी ते हात धरून प्रार्थना करतात. डेलच्या एका बाजूला हॅना होती, दुसऱ्या बाजूला सायली. त्यांनी दोघींचे हात धरले, डोळे मिटले आणि अन्नाबद्दल देवाचे आभार मानले. मग जेवता जेवता, मीठ मागावं तशा आवाजात, त्यांनी मला सांगितलं की आपण नो करणार आहोत, आणि हे मुलीला आधीच सांगितलेलं आहे.

मी मत विचारलं नव्हतं. मी कुणाला विचारत नाही. पण त्यांना सांगायचंच होतं. मागे पंपावरून पडून त्यांची कंबर मोडली होती. कित्येक महिने घरी. तेव्हा चर्चमधली माणसं रोज डबा आणायची, कुणी गवत कापायचं, कुणी रूथला दवाखान्यात न्यायचं. कॉलेजवाल्यांपैकी कुणी आलं नाही, असं ते म्हणाले. हॅना म्हणाली, मी आले होते. हो, तू आली होतीस, ते म्हणाले आणि तिच्या पानात पाव ठेवला. लग्नाला येणार का, हे विचारायची हिंमत शेवटी मीच केली. त्यांनी कुत्र्याचा कान खाजवला आणि बदामाचा भाव सांगायला लागले.

परतताना डोंगर लागला. मग सायली म्हणाली, “मामा, निदान माझे बाबा येणारेत. यू नो, त्यांनी मला प्रॉमिस केलंय. मी लहानपणापासून काही मागितलं नाही त्यांच्याकडे. एवढंच मागितलं.”

रविवार, पुन्हा फ्रीमाँट

मंडळातल्या लोकांचा एक रिवाज आहे. मतपत्रिका आल्या की एका रविवारी सगळे कुणाच्या तरी घरी जमतात. पत्रिका मोठी, प्रश्न किचकट, तेव्हा प्रत्येकाने एकेक प्रश्न वाचून यायचं आणि इतरांना समजावून सांगायचं. मग पोहे, चिवडा, चहा आणि जागेवरच पत्रिका भरून टाकायची. या वर्षी मान दाजींचा होता. चार-पाच जोडपी आली. डॉक्टर देवधर आणि शैलाताई सर्वांत ज्येष्ठ. डॉक्टर हृदयाचे, फार वर्षांपूर्वी आलेले, त्यांच्या शब्दाला मंडळात वजन. मुलं वरच्या मजल्यावर इंग्रजीत भांडत होती.

जेवणाच्या टेबलावर बायकोच्या पत्रिकेशेजारी नवऱ्याची पत्रिका, मधे चिवड्याची ताटली, आणि यात कोणता गोल काळा करायचा असं मोठ्याने विचारणं! माझ्यातला केंद्राध्यक्ष तडफडत होता. त्यात दाजींनी भरलेल्या पत्रिकेचा मोबाइलवर फोटो काढला. आमच्याकडे मतदानकेंद्रात मोबाइल नेता येत नाही. मी म्हटलं, दाजी, हे चालतं? ते म्हणाले, इथे चालतं मुकुंदराव, रिलॅक्स.

मी कोपऱ्यात बसून ऐकत होतो. घरभाड्याच्या प्रश्नावर बराच वेळ गेला, कारण दोघातिघांची भाड्याने दिलेली घरं होती. शाळांच्या कर्जरोख्यांवर तर जवळजवळ भांडण झालं. मग लग्नाचा प्रश्न आला. तो समजावून सांगायचं काम शैलाताईंकडे होतं. त्या म्हणाल्या, यात काय समजावायचं, येस. सगळ्यांनी माना डोलावल्या. पेनं चालली. डॉक्टर देवधर म्हणाले, “आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या लोकांनी तरी याला विरोध करू नये. ज्याला ज्याच्याशी लग्न करायचं त्याने करावं, आपल्याला काय प्रॉब्लेम आहे?” मी दाजींकडे पाहिलं. त्यांनीही तो गोल काळा केला होता, नीट, रेषेच्या बाहेर न जाता.

माझा ऊर भरून आला. खोऱ्यातल्या त्या पाटीनंतर हे टेबल मला देवळासारखं वाटलं. शिक्षणाने माणूस सुधारतो हे मुलांना फळ्यावर लिहून दिलेलं दुसरं वाक्य इथे जिवंत बसून चिवडा खात होतं. आणि मग मी ते केलं, जे आमच्याकडचा कुठलाही मामा करील.

आमच्याकडे लग्नाचं आमंत्रण म्हणजे छापील पत्रिका नव्हे. पत्रिका टपालाने येवो नाहीतर फोनवर, घरच्या वडीलधाऱ्याने येऊन हातावर अक्षता ठेवल्याशिवाय माणूस लग्नाला येत नाही, आणि समोर बसलेल्याला अक्षता न देणं हा अपमान. अक्षता मी आल्या दिवशीच केल्या होत्या, तांदूळ नलूच्या डब्यातले आणि कुंकू बार्शीचं. देवघरातला पितळी करंडा उचलला आणि डॉक्टर देवधरांपासून सुरुवात केली. येत्या शनिवारी सकाळी आमच्या सायलीचं लग्न आहे, तळ्याकाठच्या बागेत, हॅना नावाची मुलगी आहे, फार गुणी, सहकुटुंब यायचं. प्रत्येकाच्या हातावर चिमूटभर ठेवत टेबलाला पुरा वळसा घातला. नलू चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मान हलवली, नको नको अशी, पण तोवर मी अर्ध्यावर आलो होतो.

कुणी वाईट बोललं नाही. ते मी सांगून ठेवतो. शैलाताई म्हणाल्या, अय्या, हो का, काँग्रॅट्स. कुणीतरी म्हणालं, नाइस, नाइस. डॉक्टर देवधरांनी हातातल्या दाण्यांकडे बघितलं आणि मग दाजींकडे, आणि ते बघणं लांबलं. मग कुणाला शनिवारी मुलाची मॅच असल्याचं आठवलं, कुणाचे पाहुणे येणार होते. लिफाफे चिकटवले गेले. नेहमी ही मंडळी निघताना दारात अर्धा तास बोलत उभी राहतात म्हणे. त्या दिवशी पाचव्या मिनिटाला गाड्या हलल्या.

दाजी सोफ्यावर बसले. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नाही. म्हणाले, “मुकुंदराव, कोणाला विचारून आमंत्रण केलंत?”

मी म्हटलं, दाजी, सगळ्यांनी येस केलं की हो. तुम्हीसुद्धा.

“ते कायद्याचं झालं. हे घरचं आहे.” ते म्हणाले, “मी जाणार होतो. तिला शब्द दिला होता. मी आणि नलू, शांतपणे जाऊन आलो असतो, कोणाला कळलं नसतं. आता कसा जाऊ? आता गेलो तर पुढची सगळी वर्षं मंडळात त्याच गोष्टीचा माणूस म्हणून उभा राहणार मी.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी त्यांची क्षमा मागितली, मग पाया पडू का असंही म्हणालो, बहिणीच्या नवऱ्याच्या पाया पडण्यात मला कमीपणा नाही. ते म्हणाले, तसं काही नको. आणि पत्रिकेचा लिफाफा घेऊन पेटीत टाकायला चालत निघून गेले. मला राग आला होता आणि लाजही वाटत होती, आणि दोन्हींपैकी कोणतं खरं ते कळत नव्हतं. डेल आपल्या चर्चच्या माणसांबद्दल बोलत होते तेव्हा मी मनात म्हटलं होतं, अडाणी माणूस. इथे दाजींनाही डबे आणणारी हीच माणसं होती. परदेशात आजारी पडलं, आई गेली, नोकरी गेली, तेव्हा धावून आलेले हेच चार लोक. त्यांच्याबरोबर बसून मत देणं सोपं असतं. त्यांच्या डोळ्यांसमोरून मुलीला हाताला धरून नेणं नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. नलू कागदी ताटल्या गोळा करत होती. लोकांनी अक्षता खिशात घातल्या नव्हत्या. कुणी ताटलीत ठेवल्या होत्या, कुणी रुमालात, कुणी चहाच्या बशीत. नलू चिवड्यातून एकेक लाल दाणा वेचून करंड्यात टाकत होती. मी म्हटलं, राहू दे, नवीन करू. ती म्हणाली, “कचऱ्यात कशा टाकू रे दादा? लेकीच्या नावाच्या आहेत.”

सायलीला फोन मीच केला. काय झालं ते सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. ती रागावेल असं वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “इट्स ओके मामा. तू इन्व्हाइट केलंस फक्त. इन्व्हाइट करणं हा काय गुन्हा आहे का?” पुढे तिला बोलता आलं नाही. हॅनाने फोन घेतला आणि मला इंग्रजीत विचारलं, तुम्ही जेवलात का?

बाग

शनिवारी सकाळी धुकं होतं, तळं दिसत नव्हतं. दाजींना बरं नव्हतं, रक्तदाब. ह्यांना एकटं टाकून कशी येऊ, नलू म्हणाली. तिने माझ्याजवळ हिरव्या बांगड्या दिल्या, स्वतःच्या लग्नातला शालू दिला आणि करंडा दिला. मग मला न्यायला आलेल्या सायलीच्या मैत्रिणीच्या गाडीपर्यंत आली आणि काच वर होईपर्यंत सांगत राहिली की बांगड्या चढवताना साबण लाव, तिचा हात जाड आहे.

बागेत दोघींचे मित्रमैत्रिणी होते, दोघी काम करतात त्या दवाखान्यातले सहकारी होते. मंडळातलं कुणी नव्हतं. रूथ निळा झगा घालून एकटी उभी होती. मी विचारलं, डेल? तिने हात लांब केला. गाड्या लावायच्या जागेत, अगदी टोकाला, पिकअप उभी होती. बायकोला सोडायला आले होते आणि तिथेच बसून होते.

मी सायलीला बांगड्या भरल्या. शालूच्या निऱ्या मला जमेनात, मग यूट्यूबवर बघून एका चिनी मुलीने घातल्या, आणि झकास घातल्या. अंतरपाट दोन मैत्रिणींनी धरला. मी भाचीचा हात धरून तिला आणलं. एवढंसं अंतर, गवतातून. ती सारखी मागे, फाटकाकडे बघत होती. मी म्हटलं, पुढे बघ बाळा. मंगलाष्टकं मीच म्हटली, बेसूर, दोनदा अडखळलो. शेवटी सावधान म्हणून मूठ उघडली तर अक्षतांत शेंगदाण्याची सालं होती आणि पोह्याचा एक चुरा. तशाच टाकल्या. दोघी हसल्या, रडल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या. लग्न लागलं. चांगलं लागलं, असं म्हणायला हवं.

जेवणाचं ताट घेऊन मी पिकअपकडे गेलो. पुरी, बटाट्याची भाजी, जिलबी. डेलनी काच खाली केली, ताट घेतलं, मांडीवर ठेवलं. जिलबी चिकट आहे म्हणाले. मग स्वतःहून सांगितलं की पत्रिका टाकली, नोच केलं, आणि परत करायची वेळ आली तर नोच करतील. ते धुक्यातून बागेकडे बघत खात होते. त्या माणसाला चांगलं म्हणावं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बागेपर्यंत आला म्हणावं, तर उतरला नाही. मुलीला त्याचा उपयोग काय?

विमानतळ

निकाल मी असतानाच लागला. ते वाक्य पुसायचं ठरलं. टीव्हीवर राज्याचा नकाशा दाखवत होते. समुद्राकडची बाजू एका रंगाची, खोऱ्याची बरीचशी दुसऱ्या. सायलीचा झिप कोडचा धडा बरोबर होता, वर्गात पाठ म्हणून घेता आला असता. दाजी टीव्हीसमोर उभे होते, हातात रिमोट. पास झालं, ते म्हणाले आणि चॅनल बदललं.

विमानतळावर मला तेच सोडायला आले. फ्रीवेवर गर्दी होती. लग्नानंतर आमच्यात फक्त औषधं आणि हवामान एवढंच बोलणं झालं होतं. बॅग उतरवून झाल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि सोडेनात.

“तिला सांगा मुकुंदराव,” ते म्हणाले. “पास झालं म्हणावं. त्यात एक मत माझंही आहे.”

आयुष्यभर मी लोकांना सांगत आलो की मत कुणाला दिलं ते कुणाला सांगायचं नसतं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि मी जावयाला नाही म्हणू शकलो नाही. आत जाऊन, तपासणी आटोपून, खुर्चीवर बसून सायलीला फोन लावला. निरोप जसाच्या तसा दिला.

“मला माहितीये मामा,” ती म्हणाली. “त्यांनी मला बॅलटचा फोटो पाठवला होता. त्याच संडेला.”

मग ती म्हणाली, “लग्नाच्या दिवशी सकाळी परत पाठवला. तोच फोटो. खाली लिहिलं होतं, ब्लेसिंग्ज, बाबा.”

मी विचारलं, मग तू काय उत्तर दिलंस?

“थम्सअप केला,” ती म्हणाली. “आणखी काय करणार?”

माझ्या विमानाची घोषणा झाली, म्हणून फोन ठेवावा लागला.